झाडं चालत नाहीत

पूर्णा, २८ जुलै २०२५

चि. प्राची,

आशीर्वाद आहेतच, तो भाग वेगळा.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र टाकतोय. पोस्टातल्या माणसानं विचारलं, ‘काका, फोन बिघडला का?’ म्हटलं, फोन ठीक आहे, पोरगी बिघडली.

मार्चमध्ये परभणीची पक्की नोकरी सोडून तू कोकणात कंत्राटावर समुद्र मोजायला गेलीस. निघताना मी म्हणालो होतो की यामागं कुणीतरी आहे. ते मी अजून मागं घेतलेलं नाही. तुझे दत्तरावमामा परवा पालमहून आले होते. ते म्हणाले, “दाजी, समिंदर मोजून कुनाला इकायचा हाय?” समुद्र पुढं सरकतोय का ते बघायला एक माणूस पगार देऊन ठेवतात, हे मला अजून पटत नाही.

पण आज लिहायचं कारण दुसरं. तू आईला दर अमावस्येला घराचा फोटो पाठवतेस. आई तो फोन घेऊन गल्लीभर फिरते, ‘हे आमच्या प्राचीचं घर’ म्हणून. जूनचा आणि परवाच्या दिव्याच्या अवसेचा, असे दोन्ही फोटो मी तिच्या नकळत पाहिले. तेच कौलारू घर, तुझ्या घरमालकीण तांडेलकाकूंचं. तेच तुळशीवृंदावन, तीच निळ्या कठड्याची विहीर, आणि पुढं सुरूच्या झाडांची ओळ.

जूनमध्ये झाडं सात होती. आता सहा आहेत.

माझी हयात रेल्वेत टीसी म्हणून गेली. पासवरचा फोटो एकाचा आणि बाकावर बसलेला दुसराच, असे किती पकडले त्याची गणती नाही. तेव्हा नुसतं विचारतोय. एक झाड कुठं गेलं? तोडलं असेल तर तसं कळव.

आणि कामाला अमावस्याच का धरलीस? आपल्याकडं अवसेला माणूस नवी चप्पलसुद्धा पायात घालत नाही.

— अण्णा

ता. क. प्राची, मी आई. ह्यांचं मनावर घेऊ नको. रिटायर झाल्यापासून घरातच तिकिटं तपासायलेत. तू येळेवर जेवायलीस का? अवसेला पाण्याजवळ जायलीस तर जवळ लिंबू ठेवत जा. मी लय काळजी करायले.


पूर्णा, २६ ऑगस्ट २०२५

चि. प्राची,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

पोळ्याच्या अवसेचा फोटो आला. या वेळी मी तिन्ही फोटो स्टेशन रोडच्या स्टुडिओत मोठे करून आणले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. आई म्हणाली, “जावई पसंत करायलाव का?” मी भिंग मागितलं तेव्हा ती उठून पुरणपोळी करायला गेली.

झाडं चार. विहीर जूनमध्ये सरळ होती, आता ती एका अंगाला कललेली आहे. हे मी आईला दाखवलं, आईनं तुला फोनवर विचारलं, आणि तू तिला सांगितलंस, ‘कॅमेरा तिरका झाला असेल.’

प्राची, कॅमेरा तिरका झाला तर विहिरीबरोबर घरही तिरकं दिसायला हवं. घर तर सरळ आहे.

आपल्याकडं चार वर्षांच्या पोरालाही कळतं की झाडं चालत नाहीत आणि विहीर जागची हलत नाही. चालतं ते माणूस. म्हणजे तू जागा बदललीस. तिकडं सगळी घरं कौलारू, सगळ्या विहिरी निळ्या, तेव्हा आईला काही कळणार नाही असा हिशोब तू केलास. आईला नाही कळलं. मला कळलं.

घर का बदललं, आणि कुणाबरोबर बदललं, एवढं दोन ओळींत लिही. मी ओरडणार नाही. ओरडलो तरी पत्रात ऐकू येत नाही.

— अण्णा


पूर्णा, २९ सप्टेंबर २०२५

चि. प्राची,

इकडं पावसानं कहर केला. आम्ही सुखरूप आहोत, पण मामाचं नदीकाठचं वावर पुरात खरवडून गेलं. काळी माती सगळी वाहून गेली, खाली नुसता मुरूम उरलाय. मी भेटायला गेलो तर मामा जिथं बांध होता तिथं उभे होते. म्हणाले, “दाजी, हितं माजी बाभूळ होती की हो. मी तीच हुडकायलोय.” असो, तो विषय वेगळा.

सर्वपित्रीचा फोटो आला. यात तुळशीवृंदावन नाही. तू आईला सांगितलंस, रंगवायला काढून ठेवलंय. अगं, पितृपक्षात कोण रंगकाम काढतं? थाप मारायची तर पंचांग तरी बघून मारावी.

आणि आता मुख्य मुद्दा. या वेळी तिकडं ऊन पडलेलं दिसतं. वाळूत दोन सावल्या आहेत. एक तुझी, हात वर करून फोटो काढणारी. ती मी ओळखली, लहानपणीही तू पतंग उडवताना अशीच कोपर बाहेर काढून उभी राहायचीस. दुसरी सावली तुझ्या उजव्या हाताला आहे. तिच्या हातात उंच काठी आहे. पाय फाकवून, ऐटीत उभी आहे.

हा माणूस कोण?

जातपात विचारत नाही. काय करतो तेही नंतर सांग. पण तुझी आई रोज देवापुढं दिवा लावून तुझं नाव घेते, आणि तिला तू वृंदावन रंगवण्याच्या गोष्टी सांगतेस, हे मला फार लागलं.

— अण्णा


पूर्णा, २४ ऑक्टोबर २०२५

प्राची,

दिवाळीला तू आली नाहीस. कारण काय, तर लक्ष्मीपूजनाच्या अवसेला समुद्र मोजायचा होता. समुद्र काय पाडव्यानंतर पळून जाणार होता?

आईनं तुझ्या वाटच्या करंज्या डब्यात भरून ठेवल्यात. तो डबा मी उघडायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली.

फोटो आला. झाडं दोन. विहीर नाहीच. काठीवाला आहे.

मी खूप विचार केला. मुलगी हातची गेली असेल तर गेली, पण ती खोटेपणात अडकू नये. तुझ्या संस्थेच्या साहेबांना मी काल स्पीड पोस्टानं पत्र पाठवलंय. त्यात लिहिलंय की माझी मुलगी सांगते त्या जागी राहत नाही, ती दर महिन्याला काढते ते फोटो एका जागेचे नाहीत, तरी चौकशी व्हावी. सोबत पाचही फोटो जोडलेत, झाडांवर लाल पेनानं गोल करून.

तुझ्या पाठीमागून केलं असं म्हणू नकोस. तोंडावर सांगतोय. बापानंच लिहिलंय म्हटल्यावर कोणताही साहेब पत्र बाजूला ठेवणार नाही. मग तरी तू मला फोन करशील.

— काशीनाथ


१० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

फोन करणार नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. म्हणून तुमच्याच वाटेनं लिहितेय.

तुमचं पत्र साहेबांनी माझ्यासमोर ठेवलं. लाल गोल बघून मला आधी हसू आलं आणि मग रडू. पाच महिने मी हे फोटो पाठवतेय. तुमच्याइतकं बारकाईनं ते कुणीच पाहिले नव्हते. तुम्ही पाहिलेलं सगळं खरं आहे. झाडं सात होती, दोन उरली. विहीर कलली आणि नंतर गेली. वृंदावन भाद्रपदातल्या उधाणात गेलं. फक्त एक गोष्ट तुम्ही चुकलात. मी कुठंही हलले नाही.

वाडीच्या जुन्या धक्क्यावर एका दगडाला मी पिवळा ठिपका केलाय. दर वेळी त्याच ठिपक्यावर उभी राहून तोच फोटो काढते, कारण काय हललं ते बघायचं तर बघणाऱ्यानं हलायचं नसतं. अवसेला ओहोटी फार खाली जाते, तेव्हा किनारा तळापर्यंत उघडा पडतो, म्हणून अवस. मग घराच्या पायरीपासून वाळूच्या कड्यापर्यंत टेप लावायचा. एवढंच माझं काम. जूनपासून तो आकडा कमीच होत आलाय. घराचं जे अंगण होतं तो आता किनारा आहे.

काठीवाला म्हणजे तांडेलकाकू. नऊवारी खोचून मापाची काठी धरतात आणि कुणाचं ऐकत नाहीत. ऐट त्यांचीच आहे. तुमचं वर्णन वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यानं कधी एवढं निरखून बघितलं नाही.”

आता हसण्यावारी न नेण्यासारखं. तुमच्या तक्रारीमुळं साहेबांनी माझी जूनपासूनची सगळी मापं बाजूला ठेवलीत. शंका खुद्द बापानं घेतली, मग ते तरी काय करणार? डिसेंबरनंतर माझं कंत्राट वाढेल की नाही ते सोडा. वाडीतल्या घरांना आत, वरच्या बाजूला जागा मिळावी म्हणून अर्ज गेलाय, आणि त्याला आधार याच मापांचा आहे. मापं खोटी ठरली तर काकूंचं घर समुद्रात जाईल आणि जागाही मिळणार नाही.

वीस तारखेला अवस आहे. साहेब स्वतः येणार आहेत. तक्रार मागं घेतो असं लिहून पाठवा, किंवा या.

आईला यातलं काही सांगू नका. तिचं बीपी तुम्हाला माहीत आहे. मी थापा मारल्या त्या त्यासाठीच. तुमची गरज नाही असं ठणकावून लिहायचं ठरवलं होतं, पण तीही एक थापच झाली असती.

— प्राची


पूर्णा, १५ नोव्हेंबर २०२५

प्राची,

पत्र मिळालं. तक्रार लेखी मागं घेत नाही. कागदावर विश्वास ठेवायची मला सवय नाही, तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही. जागेवर येऊन तपासीन. पाचही फोटो सोबत आणतोय.

आईला सांगितलंय की कोल्हापूरला देवीला जाऊन येतो. तिनं ओटीसाठी खण-नारळ दिलाय. त्याचं आता काय करायचं ते तूच सांग.

— अण्णा


पूर्णा, २० डिसेंबर २०२५

चि. प्राची,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तिथं दोन दिवस मी फारसं बोललो नाही. साहेब होते, काकू होत्या, आणि तुझ्याशी बोलायची माझी सवयही मोडली होती. म्हणून इथून लिहितोय.

मी आल्याआल्या धक्क्यावर गेलो तेव्हा तू लांबूनच बघत होतीस. तुला दिसलं असेल, मी पिवळा ठिपका नखानं खरवडून पाहिला. रंग ताजा आहे का ते तपासत होतो. खोटं का बोलू, मनातून मला तो ताजाच निघायला हवा होता. ताजा निघाला असता तर तू खोटी ठरली असतीस, पण तुझं घर तरी कुठंतरी धड असतं. रंग जुना होता. मग मी जूनचा फोटो डोळ्यांसमोर धरला आणि पलीकडं बघितलं. तेच घर, तीच कौलं, खिडकीचा तोच मोडका गज. मधली जमीन तेवढी नव्हती.

पाणी खाली गेलं आणि वाळूत पडलेल्या सुरूंचे बुंधे उघडे पडले, एका ओळीत. मी मोजले. टीसी आहे, मोजणारच. पाच. माझ्या लाल गोलांतली पाचही झाडं होती तिथंच होती. मी तुला लिहिलं होतं, झाडं चालत नाहीत, चालतं ते माणूस. झाडांचं बरोबर लिहिलं होतं. पण मामाचं वावर गेलेलं याच डोळ्यांनी बघून आलो होतो, जिथं बांध उरला नव्हता तिथं त्यांना उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि त्याच पत्रात खाली तुला विचारत होतो की वृंदावन कुठं गेलं. माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल.

वृंदावनाचा पाया पायाला लागला तेव्हा मी चप्पल काढून हातात घेतली. तू तोंड फिरवलंस. बरं केलंस.

काकूंनी ‘तुमी वडील ना? मग धरा’ म्हणून ती काठी माझ्या हातात दिली आणि आईचा खण-नारळ घेऊन समुद्राची ओटी भरायला गेल्या. माझ्या मनात आलं, ज्यानं तुमची विहीर गिळली त्याची ओटी कसली भरताय? विचारलं नाही. तुमच्या तिकडच्या रीती तुम्हाला माहीत.

साहेबांनी विचारलं, तुम्हाला शंका कशावरून आली? मी म्हणालो, झाडांवरून. मग त्यांना हाताला धरून बुंधे दाखवले. तक्रार मागं घेतली, सही केली. त्यांनी तुझी मापं मान्य केली, वाडीचा अर्ज पुढं गेला, आणि तुझं कंत्राट जूनपर्यंत वाढलं. तू खूश होतीस. त्या आनंदात तू माझ्या पाया पडलीस, आणि मी तेव्हा त्या घराच्या पायरीकडं बघत होतो. कारण काकूंना वरची जागा मिळेपर्यंत तू त्याच घरात राहणार, म्हणजे मीच सही करून तुला त्या पाण्याच्या तोंडाशी ठेवून आलो. चूक केली तेव्हा तुझं काम बंद पडत होतं, चूक सुधारली तर हे. गाडीत एका पोरसवदा टीसीनं तिकीट विचारलं तेव्हा मी चुकून जूनचा फोटो पुढं केला.

आता इथलं. आईला मी सांगितलं होतं की देवीचं दर्शन छान झालं. तिनं तुझा नोव्हेंबरचा फोटो काढला आणि त्यातली काठीवाली सावली माझ्यापुढं धरली. सावलीच्या डोक्यावर माझी टोपी होती. म्हणाली, “देवी लय लांब गेली म्हना औंदा. पार समिंदराकाठी.” मग मी कबूल केलं. तिनं एवढंच विचारलं, घर कसं हाय? मी म्हणालो, घर पक्कं आहे, समुद्र लांब आहे. तिनं माझं भिंग आणून माझ्यापुढं ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडल्या, आता स्वतः मारायला बसलो तर जीभ अडखळते.

काल वेळ अमावस्या. मामांच्या वावरात जेवायला गेलो होतो. त्यांनी गाळ आणून थोडा तुकडा भरलाय, तेवढ्यात ज्वारी उभी आहे, कडब्याची खोप तिथंच केली होती. आंबील, भज्जी, उंडे सगळं होतं. मामा ‘हर हर महादेव’ म्हणत आंबील शिंपडत फिरले आणि जिथं बांध होता तिथं येऊन थांबले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “दत्तराव, माझी पोरगी हेच मोजते.” ते म्हणाले, “मोजू द्या दाजी. कुनीतरी बघितलं तर पाहिजे.”

परत येताना आईच्या फोनवर तुझा फोटो आला. झाडं दोन आहेत, ती शाबूत आहेत. पण नोव्हेंबरमध्ये घराला तीन पायऱ्या दिसत होत्या, आता दोनच दिसतात. आईनं तुला विचारलं, तू म्हणालीस, वाळू साचून खालची पायरी झाकली गेली. आईला बरं वाटलं.

प्राची, मी भिंग लावून बघितलंय. वाळू साचली असती तर पायरीच्या खाली भरीव दिसलं असतं. तिथं काळोख दिसतोय. पायरीखालून पोकळी आहे.

मागच्या महिन्यात टेपचं त्या पायरीकडचं टोक माझ्या हातात होतं, आणि आकडा तू मोठ्यानं वाचला होतास. नऊ मीटर. या वेळचा आकडा तू आईला सांगितला नाहीस, मलाही नाही. मी घरी ये म्हणत नाही. तुझं काम मी पाहिलंय, माझ्या म्हणण्यानं तू येणारही नाहीस. पण काकूंना घेऊन वरच्या बाजूला भाड्यानं खोली बघ. टेप लावायला खाली उतर आणि वर निघून ये. काकू ऐकत नसतील तर मला सांग, मी येतो, मला माणसं डब्यातून उतरवायची सवय आहे.

आणि दर अवसेला मला फोन कर. मी बोलणार नाही, तू फक्त आकडा सांग, खरा. बाकी तुला काय थापा मारायच्या त्या मार. कॅमेरा तिरका म्हण, पितृपक्षात रंगकाम काढलं म्हण, कुणी काठीवाला खरंच भेटला तर तोही महिनाभर लपव. मी ऐकून घेईन, भिंग काढणार नाही. पायरीपासून पाणी किती लांब आहे, त्याबद्दल तेवढं माझ्याशी खोटं बोलू नकोस.

— अण्णा